यंत्रांचे दप्तर

पुणे शहराच्या पेठांना ज्या काळी कात्रजच्या तलावाचे पाणी मिळत असे, त्या काळी ते पाणी आणण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नव्हती. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजपासून शनिवारवाड्यापर्यंत बांधून काढलेल्या त्या भुयारी नळाची सारी भिस्त जमिनीच्या उतारावर होती. एकदा उतार नीट साधला की पाणी स्वतःच्या भाराने वाहत येई आणि ठिकठिकाणच्या हौदांतून रहिवाशांच्या घागरींत पडे. आज सदाशिव पेठेत वाड्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, महापालिकेचे पाणी ठरावीक वेळी येऊन जमिनीखालच्या टाकीत साठते, आणि तेथून ते गच्चीवरील टाकीत चढवण्याचे काम एका विद्युत् मोटरीकडे आले आहे. त्याच इमारतीची लिफ्ट दुसरी मोटर ओढते, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी तिसऱ्या मोटरीवर चालते, आणि बोळाबोळांतून पुस्तके, पंचांगे व लग्नपत्रिका छापणाऱ्या यंत्रांमागेही मोटरच उभी असते. पेठेच्या नित्य व्यवहाराचा इतका मोठा भाग ज्यांच्यावर अवलंबून आहे, त्या मोटरींकडे एरवी मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

लक्ष जाते ते मोटर जळाल्यावर. मग वायरमनला निरोप जातो, मोटर पायावरून उतरवून रिवाइंडिंगसाठी पाठवली जाते, दोन-चार दिवस काम खोळंबते, आणि ‘मोटर अचानक जळाली’ एवढ्या एका वाक्यात तिची कैफियत संपते. वस्तुतः अचानक असे फार थोडे घडते. बेअरिंग महिनोन्महिने कोरडे पडत आलेले असते, पट्टा वाजवीपेक्षा ताणलेला असतो, स्टार्टरमधील एखादा संपर्क करपत आलेला असतो, किंवा तीन फेजांपैकी एकीचा विद्युत् दाब कायम उणा पडत असतो; आणि या प्रत्येक दोषाची खबर, तो डोळ्यांना दिसण्याच्या किंवा कानांना ऐकू येण्याच्या पुष्कळ आधी, मोटरीकडे जाणाऱ्या तारेतील विद्युत्प्रवाहात उमटून गेलेली असते. ही खबर तार न तोडता, यंत्र न थांबवता कशी काढून घ्यावी आणि तिचा अर्थ कसा लावावा, हा या प्रकरणाचा विषय आहे. ज्या उपकरणाच्या साहाय्याने हे साधते त्याला करंट ट्रान्सड्यूसर म्हणतात.

अशा उपकरणाची गरज औद्योगिक विस्तारातून उत्पन्न झाली. १९१५ साली खोपोली येथील टाटांच्या जलविद्युत् केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांकडे वीज जाऊ लागली. पुण्याच्या परिसरात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि १९६१ साली भारत फोर्ज यांची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पुढील काळात पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या गावांची शेते कारखान्यांच्या आवारांत रूपांतरित झाली. जेथे पाच-दहा मोटरी होत्या तेथे प्रत्येकीच्या पॅनेलवर काट्याचा ॲमीटर बसवावा आणि पाळीवरच्या माणसाने दर तासाला फेरी मारून आकडे लॉगबुकात उतरवून घ्यावे, ही रीत पुरेशी होती. मोटरींची संख्या शेकड्यांवर गेली तेव्हा ही रीत तोकडी पडू लागली. कारण दोन फेऱ्यांच्या मधल्या तासात काय घडले याची नोंद कोणत्याच वहीत नसे, आणि बहुतेक बिघाड नेमके त्या तासातच आपले काम उरकून घेत.

तारेला स्पर्श न करता तिच्यातील प्रवाह मोजता येतो, याचे मूळ १८२० सालच्या एका शोधात आहे. त्या वर्षी कोपनहेगन येथे ओर्स्टेड यांना असे आढळले की, तारेतून विद्युत्प्रवाह सोडला असता जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई हलते. म्हणजे प्रवाह वाहणाऱ्या प्रत्येक तारेभोवती चुंबकीय क्षेत्राचे वलय असते आणि प्रवाह वाढला की तेही त्याच प्रमाणात प्रबळ होते. १८३१ साली फॅरडे यांनी पुढची पायरी गाठली : चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तर त्याच्या कक्षेत ठेवलेल्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. आपल्याला मिळणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने करणारी असल्यामुळे तिच्याभोवतीचे क्षेत्र अखंड बदलत असते. त्या तारेभोवती पोलादी पत्र्यांच्या गाभ्याची एक कडी बसवली आणि कडीवर बारीक तारेचे पुष्कळ वेढे दिले, तर त्या वेढ्यांतून मूळ प्रवाहाची लहान पण प्रमाणबद्ध प्रतिकृती वाहू लागते. हाच करंट ट्रान्सफॉर्मर, ज्याला कारागीर ‘सी. टी.’ म्हणतात. त्याच्यावर ५०/५ असे लिहिलेले असेल तर मुख्य तारेतील ५० अँपिअरांना दुय्यम वेढ्यांत ५ अँपिअर मिळतात, आणि मोठ्या प्रवाहाचा हिशेब लहान उपकरणाच्या आवाक्यात येतो.

या साध्या दिसणाऱ्या कडीच्या बाबतीत एक धोका मात्र प्रत्येक वाचकाने पक्का ध्यानात ठेवला पाहिजे. मुख्य तारेतून प्रवाह वाहत असताना सी. टी.च्या दुय्यम वेढ्यांची दोन टोके कधीही उघडी सोडू नयेत. मीटर काढावयाचा झाल्यास आधी ती दोन टोके एकमेकांना जोडून घ्यावी. दुय्यम मंडल पूर्ण असते तोवर त्यातील प्रवाह मुख्य प्रवाहाच्या चुंबकत्वाला जवळजवळ पुरता छेद देत असतो. ते तुटताच तो विरोध नाहीसा होतो, मुख्य प्रवाहाचे सारे सामर्थ्य गाभ्याला चुंबकित करण्यात खर्ची पडते, आणि उघड्या टोकांवर हजार व्होल्टांच्या वर जाऊ शकणारा दाब उभा राहतो. आकार लहान आणि जोडलेला मीटर नाजूक, एवढ्यावरून जो निर्धास्त होतो त्याच्या जिवावर बेतण्यासारखा हा प्रकार आहे.

करंट ट्रान्सड्यूसर ही या कडीच्या पुढची व्यवस्था होय. कडीतून मिळालेली प्रतिकृती त्याच्या पोटातील इलेक्ट्रॉनिक मंडल शुद्ध करते आणि तिचे रूपांतर एका ठरावीक सांकेतिक प्रवाहात करते, जो जगभरच्या कारखान्यांत ४ ते २० मिलिअँपिअर या मर्यादेत मान्य झालेला आहे. समजा, ट्रान्सड्यूसरची कक्षा शून्य ते ५० अँपिअरांची आहे. तर मोटर बंद असता तो ४ मिलिअँपिअर पाठवील, २५ अँपिअरांना १२ आणि ५० अँपिअरांना २० पाठवील. शून्याला शून्यच का पाठवू नये, असा प्रश्न येथे साहजिकपणे उद्भवतो, आणि त्याच्या उत्तरात या योजनेचे सारे शहाणपण सामावलेले आहे. संकेत ४ वर स्थिर असेल तर मोटर बंद आहे आणि तपासणारे उपकरण जागे आहे. संकेत खरोखरच शून्यावर आला असेल तर मोटरीचे काहीही असो, उपकरण किंवा त्याची तार निकामी झाली आहे. शांतता आणि साक्षीदाराची गैरहजेरी या दोन गोष्टींतील भेद ज्या व्यवस्थेला कळत नाही, तिच्यावर विसंबणे धोक्याचे असते. येथे तो भेद मापनाच्या मुळातच बंदिस्त केलेला आहे. शिवाय दाबाचा संकेत लांब तारेत क्षीण होतो तसा प्रवाहाचा होत नाही, म्हणून यंत्रशाळेतील मोटरीची खबर दूरच्या नियंत्रण-कक्षापर्यंत बिनचूक पोचते. अशी उपकरणे महाराष्ट्रातही तयार होतात; नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स ही संस्था १९८२ सालापासून विद्युत् मापनाच्या उपकरणांच्या व्यवसायात आहे.

सर्वच प्रवाह प्रत्यावर्ती नसतात. मुलामा देण्याच्या कारखान्यांतील हौद, बॅटऱ्या, सौर ऊर्जेचे संच येथे एकदिश प्रवाह वाहतो आणि त्याचे क्षेत्र स्थिर असल्यामुळे फॅरडे यांच्या तत्त्वावर चालणारी कडी तेथे मूक राहते. अशा ठिकाणी १८७९ साली एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने शोधलेला परिणाम उपयोगी पडतो : प्रवाह वाहणाऱ्या पट्टीवर आडवे चुंबकीय क्षेत्र आले असता पट्टीच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म दाब निर्माण होतो, मग ते क्षेत्र स्थिर असो वा बदलते. कडीच्या गाभ्याला एक बारीक फट ठेवून तीत अशी अर्धवाहक चकती बसवली की एकदिश प्रवाहही मोजता येतो. फार मोठे प्रत्यावर्ती प्रवाह मोजण्यासाठी गाभाच नसलेले, लवचीक दोरीसारखे गुंडाळता येणारे वेटोळे वापरतात. १९१२ साली त्याचे विवरण करणाऱ्या रोगोव्स्की यांच्या नावाने ते ओळखले जाते, आणि गाभा नसल्यामुळे तो चुंबकत्वाने तुडुंब भरून मापन बिघडण्याचे भय त्यात राहत नाही.

आता या उपकरणाने कळते काय, हे पाहण्यासाठी पुन्हा पेठेतल्या यंत्रांकडे वळू. गिरणीची १० अश्वशक्तीची मोटर ४१५ व्होल्टांच्या तीन फेज पुरवठ्यावर पूर्ण भाराला सुमारे १४ अँपिअर घेते. धान्य न घालता ती नुसती फिरत असेल तर प्रवाह शून्याजवळ यावा असे कोणालाही वाटेल. पण तो पाच-सहा अँपिअरांच्या खाली सहसा जात नाही, कारण मोटरीचे चुंबकत्व उभे राखण्यासाठी लागणारा प्रवाह काम असो वा नसो घ्यावाच लागतो. म्हणून प्रवाह निम्मा झाला म्हणजे भार निम्मा झाला, असा हिशेब करणारा माणूस फसतो. पूर्ण भाराच्या आसपास प्रवाह भाराची इमानाने साक्ष देतो. हलक्या भाराला त्याची साक्ष अपुरी पडते, आणि तेथे दाब व प्रवाह यांच्यातील कालभेदही विचारात घेणारा शक्तिमापक ट्रान्सड्यूसर लावावा लागतो. हे भान ठेवले तर गिरणीवाल्याला पुष्कळ कळू शकते. त्याच जातीच्या, तितक्याच कोरड्या गव्हाला गेल्या महिन्यापेक्षा अधिक प्रवाह आणि अधिक वेळ लागत असेल, तर दगडांना टाकी लावण्याची मुदत आली आहे, किंवा बेअरिंग जड झाले आहे; आणि धान्य न घालताच प्रवाह वाढलेला आढळला, तर दोष दगडांत नसून पट्ट्यात किंवा बेअरिंगात आहे असा निवाडा तेथल्या तेथे करता येतो.

पंपाची कथा याहून बोधप्रद आहे, कारण तेथे सामान्य समजूत उलट ठरते. पाइपात अडथळा आला किंवा वरचा व्हॉल्व्ह बंद राहिला तर मोटरीवर ताण पडून प्रवाह वाढेल असे वाटते; परंतु इमारतींत वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या केंद्रोत्सारी पंपाचे काम तो जितके पाणी उचलतो त्यावर ठरते, आणि पाणी वाहणेच थांबले की मोटर हलकी होऊन प्रवाह उतरतो. खालची टाकी रिकामी झाली तरीही प्रवाह उतरतो. आणि अशा कोरड्या चालण्यात पाण्याच्या ओलाव्यावर जगणारे पंपाचे सील थोड्याच वेळात करपून जाते. जास्त प्रवाहावर तुटणारा नेहमीचा ओव्हरलोड रिले या संकटात काहीच करू शकत नाही, कारण त्याच्या लेखी सर्व क्षेम असते. प्रवाह अमुक मर्यादेच्या खाली काही सेकंद राहिला तर पंप बंद करावा, असा हुकूम ट्रान्सड्यूसरच्या संकेतावरून देता येतो. मात्र त्याच संकेतावर जास्त प्रवाहाचीही मर्यादा घातली असेल, तर सुरू होताना मोटर पूर्ण भाराच्या पाच ते सात पट प्रवाह काही क्षण ओढते, हे लक्षात घेऊन सुरुवातीचे ते क्षण तपासणीतून वगळावे लागतात. नाही तर निरोगी मोटरही प्रत्येक वेळी दोषी ठरून बंद पडेल.

मोटरी जळण्याच्या कारणांत ज्याचा उल्लेख वायरमनच्या तोंडी वारंवार येतो ते म्हणजे सिंगल फेजिंग. किटकॅट नावाच्या फ्यूजधारकातील एक फ्यूज उडतो, किंवा स्टार्टरचा एक संपर्क करपतो, आणि तीनऐवजी दोन तारांवर मोटर धडपडत राहते. तेवढेच काम ओढण्यासाठी उरलेल्या तारांतील प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो. आणि तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे मोटरीच्या वेढ्यांतील उष्णता जवळजवळ तिप्पट होते. वेढ्यांचे इन्सुलेशन तापमानाच्या दर १० अंशांच्या वाढीस आपले निम्मे आयुष्य गमावते, हा अभियंत्यांचा ढोबळ नियम या ठिकाणी आठवला की मोटर काही मिनिटांत का जाते हे उमजते. तिन्ही तारांवर एकेक ट्रान्सड्यूसर असेल तर एक आकडा नाहीसा झाल्याचे तत्क्षणी कळते. फेज पूर्ण न जाता तिचा दाब थोडासाच उणा पडला तर धोका मंदगती आणि म्हणून अधिक कपटी असतो : दाबातील एक टक्क्याची विषमता प्रवाहात सहा ते दहा टक्क्यांची विषमता उत्पन्न करू शकते, आणि ती मोटरीला दिवसेंदिवस भाजून काढते. तीन आकडे शेजारी शेजारी मांडल्याशिवाय हे दुखणे उघडकीस येत नाही.

तिन्ही तारा एकाच कडीतून एकत्र ओवल्या तर आणखी एक गोष्ट साधते. जाणारा व येणारा प्रवाह एकमेकांना फेडून टाकत असल्यामुळे निरोगी स्थितीत त्यांची बेरीज शून्य असते. बेरीज शून्य नसेल तर तेवढा प्रवाह इन्सुलेशनमधून झिरपून मोटरीच्या अंगावर आणि तेथून जमिनीत जात आहे, असा तिचा निःसंशय अर्थ होतो. जेथे ओल्या फरशीवर उभे राहून माणसे यंत्रांना हात लावतात, तेथे घरगुती संरक्षक स्विच ३० मिलिअँपिअरांच्या गळतीवर पुरवठा तोडतात ते याच तत्त्वावर. यंत्राचे रक्षण आणि माणसाचे रक्षण येथे एकाच कडीत येऊन मिळतात.

मोठ्या कारखान्यांत ही विद्या केवळ पहारा करून थांबत नाही. ती कारभारही पाहू लागते. साखर कारखान्यात उसाचे तुकडे करणाऱ्या कटरच्या मोटरीचा प्रवाह सतत पाहिला जातो. उसाचा थर दाट होऊन तो प्रवाह ठरावीक मर्यादेबाहेर चढू लागला की ऊस वाहून आणणाऱ्या कॅरियरची गती आपोआप उणी केली जाते आणि थर पातळ झाला की ती पूर्ववत् होते. माणसाने हाक मारून गती बदलण्याच्या पूर्वीच कटर गुंतून बसण्याचा आणि गाळप थांबण्याचा प्रसंग त्यामुळे टळतो.

याहून सूक्ष्म वाचन म्हणजे प्रवाहाचे केवळ परिमाण न पाहता त्याची लहर न्याहाळणे. मोटरीच्या फिरत्या भागातील एखादी पट्टी तडकली तर एकूण प्रवाहात फारसा फरक दिसत नाही. परंतु ५० आवर्तनांच्या मुख्य लहरीच्या दोन्ही अंगांना दोन क्षीण लहरी उगवतात. मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या चुंबकीय गतीमागे मोटर १४४० फेऱ्या करत असेल, म्हणजे चार टक्के मागे पडत असेल, तर त्या लहरी त्याच्या दुप्पट अंतरावर, ४६ आणि ५४ आवर्तनांवर सापडतात. अणुविद्युत् केंद्रांतील व्हॉल्व्ह चालवणाऱ्या मोटरींची तपासणी करण्यासाठी १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत ही पद्धत विकसित झाली. अशा वाचनासाठी लहरीचा बारकावा जपणारे उपकरण हवे. साध्या मापनातही, जेथे गती बदलणारे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसवलेले असतात आणि प्रवाहाची लहर मोडतोड झालेली असते, तेथे लहर शुद्ध आहे असे गृहीत धरणारा स्वस्त ट्रान्सड्यूसर खोटे आकडे देतो. लहरीचे खरे परिणामकारक मूल्य काढणाराच तेथे निवडावा.

निवडीचा आणखी एक नियम सांगितला पाहिजे. कक्षा फार मोठी घेतली तर नेहमीचे आकडे तळाशी दाटून बसतात आणि लहान फरक दिसेनासे होतात. ५० अँपिअरांच्या कडीने ५ अँपिअरांची मोटर मोजावयाची असेल, तर तीच तार कडीतून तीन वेळा ओवावी. कडीला १५ अँपिअर दिसतील आणि तिनाने भागून खरा आकडा मिळेल. मात्र किती वेळा ओवली हे पॅनेलच्या दारावर लिहून ठेवण्यात हयगय झाली, तर पुढे येणारा माणूस तिप्पट प्रवाह पाहून निष्कारण घाबरेल.

या सर्व विवेचनातून जे तत्त्व हाती लागते ते असे की, एकटा आकडा जवळजवळ निरर्थक असतो. सदाशिव पेठेतच १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जी जुनी कागदपत्रे जतन केलेली आहेत, त्यांपैकी एखाद्या सुट्या चिठ्ठीवरून अभ्यासक इतिहासाचा निर्णय करीत नाही. तारीखवार लागलेले कागद शेजारी मांडून, एकाची दुसऱ्याशी रुजवात घालूनच तो बोलतो. मोटरीचे दप्तरही तसेच लावावे लागते. १४ अँपिअर हा आकडा चांगला की वाईट, याचे उत्तर त्या आकड्यात नसून त्याच मोटरीने, त्याच कामाला, निरोगी असताना काय घेतले होते त्या नोंदीत असते. आणि ही नोंद नंतर मिळवता येत नाही. मोटर आजारी पडल्यावर तिची निरोगी अवस्था मोजण्याचा कोणताही उपाय उपलब्ध नाही.

म्हणून ज्याच्या ताब्यात एखादीही मोटर आहे त्याने, ट्रान्सड्यूसर बसवण्याची ऐपत आज असो वा नसो, आरंभ एका कागदाने करावा. नवी मोटर बसवल्याच्या किंवा रिवाइंड होऊन आल्याच्या दिवशी वायरमनकडून, तारेभोवती चिमट्यासारख्या बसणाऱ्या क्लॅम्प मीटरने, तिन्ही तारांचे प्रवाह मोकळ्या आणि पूर्ण भाराला मोजून घ्यावे, त्या वेळचा दाबही टिपावा, आणि तारखेनिशी तो कागद पॅनेलच्या आत चिकटवावा. दरमहा त्याच रकान्यांत नवे आकडे भरावे. कामाचा व्याप वाढला आणि एका तासाच्या खोळंब्याची किंमत उपकरणाच्या किमतीपेक्षा जास्त होऊ लागली, की मग ट्रान्सड्यूसर बसवावा आणि त्याला इशाऱ्याच्या मर्यादा त्या कागदावरून द्याव्या. ज्या कारखान्यात असा कागद नाही तेथे महागातले महाग उपकरणही कोणत्या आकड्याला हाक द्यावी हे न कळून गप्प बसते. आणि जेथे तो आहे तेथे साध्या वायरमनलाही मोटरीची दुरुस्ती कोणत्या आठवड्यात करावी हे धन्याला वेळेवर सांगता येते.